१९७६ सालचे दोन कायदे

आणीबाणीचं दुसरं वर्ष. वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप, विरोधी पक्षांचे पुढारी तुरुंगात. त्या १९७६ सालात शेजारशेजारच्या दोन विधिमंडळांनी जुगारासंबंधी दोन कायदे संमत केले. पणजीला मांडवीच्या काठावर आदिलशहाचा जुना राजवाडा आहे. गोवा, दमण आणि दीव या संघप्रदेशाची विधानसभा तेव्हा तिथे भरत असे. त्या विधानसभेने सार्वजनिक जुगाराला बंदी करणारा कायदा केला. मुंबईत महाराष्ट्राच्या विधिमंडळाने नेमकं उलट केलं. कॅसिनोला परवाना द्यायचा आणि त्यावर कर बसवायचा, अशी तरतूद करणारा ‘महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम’ त्यांनी मंजूर केला आणि जुलै महिन्यात त्यावर राज्यपालांची संमतीही मिळाली.

आज परिस्थिती पाहावी तर ती या दोन्ही कायद्यांच्या उफराटी आहे. ज्या महाराष्ट्राने परवानगीचा कायदा केला तिथे एकही कॅसिनो उघडला नाही. ज्या गोव्याने बंदीचा कायदा केला तिथे त्याच राजवाड्यासमोर, मांडवीच्या पात्रात, कॅसिनोची जहाजं नांगर टाकून उभी आहेत, आणि ती उभी आहेत ती १९७६ च्या त्याच बंदीच्या कायद्याखाली मिळालेल्या परवान्यांवर.

राज्याने कॅसिनोला परवानगी द्यावी की नाही, यावर वाद घालताना लोक महसुलाचे आकडे मांडतात किंवा संस्कृतीचा दाखला देतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की असा निर्णय घेतला कसा जातो. महाराष्ट्र आणि गोवा यांची ही जोडकथा त्यासाठीच नीट सांगायला हवी.

मुंबईचं जुगाराशी नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात या शहरात पावसावर सट्टा लागत असे. ठरलेल्या वेळात किती पाऊस पडेल यावर व्यापारी पैसे लावत. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आला तेव्हा त्यात पावसाच्या सट्ट्याचा उल्लेख नव्हता. न्यायालयाने हा प्रकार कायद्यात बसत नाही असं म्हटल्यावर १८९० मध्ये खास दुरुस्ती करावी लागली. हा कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. जुगाराची नवी तऱ्हा आधी निघते आणि कायदा तिच्यामागून धावतो, हे तेव्हापासूनचं आहे.

स्वातंत्र्यानंतर गाजलं ते शब्दकोड्यांचं प्रकरण. ‘आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड’ नावाची बक्षीसस्पर्धा बंगळूरहून छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकातून चाले, पण तिचा मोठा खप मुंबई राज्यात होता. प्रवेश फी भरून कोडी पाठवायची आणि मोठ्या बक्षिसाची वाट पाहायची. उत्तर अकलेपेक्षा योगायोगाने बरोबर यावं अशी रचना. मुंबई सरकारने १९४८ च्या आपल्या कायद्यात दुरुस्ती करून राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या अशा स्पर्धांवरही कर आणि निर्बंध लादले. चालक न्यायालयात गेले. व्यापार करण्याचा आपला घटनादत्त हक्क डावलला जातो, असं त्यांचं म्हणणं. १९५७ मध्ये सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठाने निकाल दिला. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारतातल्या द्यूतापर्यंत दाखले देत न्यायालयाने सांगितलं की जुगार हा व्यापारच नव्हे, व्यापाराचं सोंग घेतलं म्हणून तो व्यापार ठरत नाही, आणि म्हणून तो करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही.

हा निकाल मला फार मोलाचा वाटतो, पण त्याची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पैज आणि जुगार’ हा विषय राज्यांच्या यादीत आहे, त्यावरचा करही जीएसटी येईपर्यंत राज्यांच्याच यादीत होता. जुगार चालवण्याचा हक्क कोणाला नाही, याचा अर्थ तो चालू द्यायचा की नाही हे सर्वस्वी राज्य सरकारच्या हातात आलं. बंदी घातली तर कोणी अडवू शकत नाही आणि मोकळीक दिली तर तीही सरकारच्याच मर्जीने. एवढी मोठी मर्जी ज्याच्या हाती, त्याने ती उघडपणे, लोकांसमोर वापरायला हवी होती.

तोवर गिरणगावात मटका रुजला होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागत. न्यूयॉर्कहून ते भाव येणं थांबल्यावर १९६२ मध्ये वरळीला कल्याणजी भगत यांनी आपलाच आकडा काढायला सुरुवात केली. १९६४ मध्ये रतन खत्रीचा मटका सुरू झाला. आकडा काढायच्या चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. आधी ओपन, मग क्लोज, दोन्ही मिळून जोडी. चाळीच्या कोपऱ्यावरचा बुकी अगदी थोडक्या पैशांचीही पावती फाडत असे, म्हणून गिरणी कामगार, हमाल, फेरीवाला, कोणीही लावू शके. आकडा फुटला की तो तासाभरात गावोगाव पोचायचा. मुंबईच्या अनेक घरांतला पगार या आकड्यात बुडाला आहे, आणि त्याची झळ ज्या बायांना लागली त्यांची नोंद कुठल्याही सरकारी कागदात नाही.

१२ एप्रिल १९६९ पासून महाराष्ट्र शासनाने स्वतःची लॉटरी सुरू केली. नशीब आजमावण्याची माणसाची ओढ संपत नाही, तर तिचा पैसा बुकीकडे न जाता तिजोरीत यावा, हा युक्तिवाद इथे पहिल्यांदा सरकारी धोरण म्हणून उभा राहिला. कॅसिनोच्या बाजूने पुढे बोललं गेलं ते याच्याच बळावर.

आणि मग १९७६. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण. राज्याला नव्या महसुलाची गरज होती. आदल्याच वर्षी व्यवसाय कर आला होता. कॅसिनोचा कायदा झाला तेव्हा आणीबाणीच्या अटकसत्रात सापडलेला रतन खत्री तुरुंगात होता. त्याने एकोणीस महिने काढले. मृणाल गोऱ्यांसारख्या, सामान्य बाईच्या घरखर्चाचा हिशेब सभागृहात मांडणाऱ्या आमदारही त्या काळात तुरुंगात होत्या. म्हणजे ज्याने रस्त्यावरचा जुगार चालवला तो आत, आणि ज्यांनी कॅसिनोला कडाडून विरोध केला असता त्यांच्यापैकी काही जणही आत. बाहेर वृत्तपत्रांचे हात बांधलेले. इतका खोल जाणारा विषय अशा वेळी विधिमंडळात आणणं मला चुकीचं वाटतं, मग आणणाऱ्यांचा हेतू काहीही असो.

पण या कायद्यात एक नेहमीचं कलम होतं: शासन राजपत्रात अधिसूचना काढील त्या तारखेपासून तो लागू होईल. ती अधिसूचना कधी निघालीच नाही. आणीबाणी उठली, सरकारं बदलली. वसंतदादा आले, शरद पवार आले, अंतुले आले, युतीचे मनोहर जोशी आले, विलासराव देशमुख आले. कायदा पुस्तकात होता आणि अमलात नव्हता. त्याला लागू करण्याचं धैर्य कोणी केलं नाही आणि रद्द करण्याचा त्रासही कोणी घेतला नाही. अधूनमधून पर्यटनाच्या नावाने मागणी व्हायची, फाइल वर यायची, पुन्हा खाली जायची.

आता मांडवीकडे.

गोवा पोर्तुगिजांचा होता तेव्हाही तिथे मकावसारखी जुगाराची पेठ उभी राहिली नव्हती. मकाव ही पोर्तुगिजांचीच दुसरी वसाहत आणि तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जुगाराला कायद्याची मान्यता होती. गोव्यात जुगार होता तो जत्रेतला, आणि पुढे मटक्याचा. १९७६ चा कायदा झाला तेव्हा शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या. १९८७ मध्ये गोवा घटक राज्य झालं, दमण आणि दीव वेगळे झाले, कायदा तोच राहिला.

त्याला पहिली चीर १९९२ मध्ये पडली. रवी नाईक यांच्या सरकारच्या काळात ‘१३-अ’ हे कलम घालण्यात आलं. मूळ कायद्यात काहीही म्हटलं असलं तरी पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक खेळ आणि स्लॉट मशिनं चालवायला सरकार परवानगी देऊ शकेल, असा त्याचा आशय. १९९६ मध्ये प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री असताना त्याच कलमात आणखी भर पडली: किनाऱ्यापासून दूर असलेल्या जहाजांवर टेबलावरचे खेळही चालतील. रुलेट, पत्ते, फासे, म्हणजे ज्याला जगभर कॅसिनो म्हणतात ते सगळं या एका वाक्यातून आलं. गोव्यात कॅसिनो आणावेत का, असा स्वतंत्र कायदा कधी मांडला गेला नाही, त्यावर निवडणूक लढवली गेली नाही. बंदीच्या कायद्याला अपवाद जोडला गेला आणि पुढे अपवादानेच घर व्यापलं.

कायद्याने सांगितलं होतं दूर समुद्रात. पावसाळ्यात अरबी समुद्रात अशी जहाजं टिकत नाहीत, आणि गिऱ्हाइकाला रोज संध्याकाळी खोल समुद्रात नेऊन आणणंही परवडत नाही. नव्या शतकाच्या सुरुवातीला ‘काराव्हेला’ हे पहिलं कॅसिनो जहाज आलं ते पणजीसमोर मांडवीत. तिथून ते हललं नाही. गिऱ्हाईक धक्क्यावरून लहान बोटीत बसतं आणि काही मिनिटांत जुगाराच्या टेबलाशी पोचतं. त्याच पाण्यातून कोळी आपल्या होड्या नेतात आणि बेती-पणजीची फेरीबोट चालते.

२००७ ते २०१२ या दिगंबर कामत यांच्या कारकिर्दीत जहाजांची संख्या वाढली. पणजीकरांचा संताप तेव्हा रस्त्यावर आला. ‘आम औरत आदमी अगेन्स्ट गॅम्बलिंग’ या गटाने घरोघरच्या बायकांचं गाऱ्हाणं मांडलं: दागिने मोडले, कर्ज झालं, तरुण मुलं रात्री घरी येत नाहीत. विरोधी पक्षनेते मनोहर पर्रीकर यांनी कॅसिनोविरोधी भूमिका लावून धरली. २०१२ च्या मार्चमध्ये ते सत्तेवर आले तेव्हा मांडवी मोकळी होईल असं पुष्कळांना वाटलं.

इथे या कथेतला सर्वांत महत्त्वाचा भाग येतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. शहा आयोगाच्या अहवालानंतर आधी सरकारने आणि मग ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. राज्याच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार काही आठवड्यांत गेला. ट्रकवाले, बार्जवाले, खाणपट्ट्यातले दुकानदार, सगळे अडचणीत आले. खाणी काही काळाने थोड्या सुरू झाल्या, तर २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. अशा स्थितीत जे जहाज दरवर्षी कोट्यवधींची परवाना फी देतं आणि पोरांना नोकऱ्या देतं, त्याला नदीबाहेर काढायची हिंमत कोणत्या सरकारने करावी? कॅसिनोंना मांडवीत राहायला मुदतवाढ मिळत गेली, बहुतेकदा सहा-सहा महिन्यांची. २०१८ मध्ये सरकारने वार्षिक फी वाढवून जहाजाच्या क्षमतेप्रमाणे २५ ते ४० कोटी रुपये केली. फी वाढवणं हा वरवर पाहता कॅसिनोवरचा दट्ट्या दिसतो. मला तो उलटा दिसतो. फी जितकी मोठी, तितकं सरकारच त्या जहाजाच्या नांगराला जास्त बांधलं गेलं.

पर्रीकरांना दोष देऊन हे प्रकरण संपत नाही, कारण त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याच कोंडीत सापडला असता. एकदा अंदाजपत्रकात तो पैसा धरला गेला की पक्ष बदलून उपयोग होत नाही. २०१९ च्या मे महिन्यात, पर्रीकरांच्या निधनानंतर झालेल्या पणजीच्या पोटनिवडणुकीत बाबूश मोन्सेरात यांनी शंभर दिवसांत कॅसिनो मांडवीतून हटवण्याचं आश्वासन दिलं. ते काँग्रेसकडून निवडून आले, जुलैत सत्ताधारी भाजपमध्ये गेले. शंभर दिवस झाले, कॅसिनो मांडवीतच राहिले. मोपाच्या विमानतळाजवळ वेगळा विभाग करून कॅसिनो तिकडे जमिनीवर न्यायचे, अशी योजनाही याच सुमारास पुढे आली. विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात उभा राहिला. कॅसिनो नदीत होते तिथेच होते.

२०१७ च्या जुलैचा प्रसंग गोवेकर विसरलेले नाहीत. ‘लकी सेव्हन’ नावाचं कॅसिनो जहाज ऐन पावसाळ्यात मांडवीत आणलं जात होतं. नदीच्या मुखाशी वाळूचे पट्टे आहेत, पावसाळ्यात तिथे लाटा फुटतात, हे तिथला कोणीही कोळी सांगेल. जहाज भरकटलं आणि मिरामारच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं. माणसं वाचवावी लागली. जहाज काढायला महिने लागले आणि तोवर मुंबई-पुण्याहून आलेले पर्यटक त्याच्या पार्श्वभूमीवर फोटो काढत राहिले.

१ फेब्रुवारी २०२० पासून प्रमोद सावंत सरकारने गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. तिथे नोकरी करणाऱ्या गोवेकराने आत जायचं, पण खेळायचं नाही. गोव्यातल्या अनेक कुटुंबांना या बंदीने दिलासा मिळाला असेल आणि त्याचं मोल मी कमी करत नाही. पण तिचा अर्थही नीट पाहिला पाहिजे. आपल्या माणसाचं घर ज्याने उद्ध्वस्त होतं असं सरकारने मान्य केलं, तेच दुसऱ्या राज्यातल्या माणसासाठी पर्यटन ठरवलं. तो दुसरा माणूस कोल्हापूरचा असतो, बेळगावचा असतो, सुरतेचा, पुण्याचा असतो. त्याच्याही घरी कोणीतरी वाट पाहत असतं. सावंतवाडीच्या मुलाला गोव्याची हद्द ओलांडायला एस.टी. पुरते, म्हणून महाराष्ट्राने आपला कायदा न वापरून जे टाळलं ते पूर्णपणे टळलं, असंही म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात त्या निद्रिस्त कायद्याला शेवटी जाग आणली एका कायद्याच्या विद्यार्थ्याने. त्याने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली: विधिमंडळाने केलेला कायदा सरकार वर्षानुवर्षं लागू करत नाही, हे कसं चालेल? २०१५ च्या सुमारास न्यायालयाने सरकारला काय तो निर्णय घ्यायला सांगितलं. मागणी कायदा लागू करण्याची होती, पण याचिकेने विचारलेला प्रश्न रास्त होता. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचा कल कायदा रद्द करण्याकडे होता. तरीही आणखी काही वर्षं गेली.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही वाटा एकाच महिन्यात समोरासमोर आल्या. २ तारखेला जीएसटी परिषदेची ५१ वी बैठक झाली. कॅसिनो आणि ऑनलाइन खेळांवर पैजेच्या पूर्ण दर्शनी रकमेवर २८ टक्के कर लावण्याचं ठरलेलं होतं, आणि गोवा व सिक्कीम ही दोन राज्यं तो कर फक्त कॅसिनोच्या खऱ्या मिळकतीवर लावावा असं म्हणत होती. सिक्कीमने २००२ मध्ये कॅसिनोसाठी स्वतंत्र कायदा केला होता. म्हणजे देशाच्या सर्वोच्च कर-परिषदेत गोव्याचं सरकार कॅसिनोची बाजू मांडत होतं. १९९६ मध्ये ज्यांनी ते वाक्य कलमात घातलं त्यांना हे चित्र अभिप्रेत होतं असं मला वाटत नाही. पण सरकारने जुगाराचं उत्पन्न स्वीकारलं की इथवर यावं लागतं, आणि अशा राज्याकडून आपल्या नागरिकाच्या बाजूने कठोर राहण्याची अपेक्षा करता येत नाही. माझा कॅसिनोला विरोध आहे तो याच कारणासाठी. १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्क्यांचा कर पूर्ण रकमेवर लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जहाजं मांडवीत आहेत.

त्या बैठकीनंतर पंधरवड्याने, ऑगस्टमध्येच, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने १९७६ चा कॅसिनो कायदा रद्द करायचं ठरवलं, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तसं विधेयक आलं. या निर्णयाचं मी मनापासून स्वागत करतो. तरी महाराष्ट्र या सत्तेचाळीस वर्षांत वाचला तो कोणाच्या विचारामुळे नव्हे, एक अधिसूचना न निघाल्यामुळे वाचला, हेही खरं आहे. त्या काळात कुठल्याही एका मुख्यमंत्र्याने, एखाद्या तंगीच्या वर्षी, विधिमंडळाला काहीही न विचारता एका सहीने तो कायदा लागू केला असता, तर मालवण-तारकर्लीच्या समुद्रात किंवा लोणावळ्याच्या हॉटेलांत टेबलं लागली असती, आणि मग खाणी बंद न पडताही सरकारला त्या पैशाशिवाय भागवता आलं नसतं. रद्द करण्याचं विधेयक आता झालं. पण उद्या कोणाला नवं आणायचं असेल, तर त्याने गोव्याच्या १३-अ कलमाच्या वाटेने दुरुस्ती म्हणून येऊ नये. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी मसुदा मराठीत छापावा, सिंधुदुर्गात आणि रायगडात सुनावण्या घ्याव्यात, आणि पणजीच्या त्या बायकांनाही साक्षीला बोलवावं.